साडेतीन शहाण्यांतील पहिले : सखारामबापू बोकील

पेशवाईतील साडेतीन शहाण्यांची म्हण आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे व नाना फडणीस अर्धे. नाना अर्धे का, तर त्यांच्या हाती केवळ लेखणी होती, तलवार नव्हती. उरलेल्या तिघांना दोन्ही चालविता येत असे. म्हण येथे संपते, आणि आपली माहितीही बहुधा येथेच संपते. अर्ध्या शहाण्यावर ग्रंथ झाले, नाटके झाली, त्यावरून वादळे उठली. पण ज्याचे नाव यादीत पहिले, त्या सखारामबापूंची आठवण कोण करतो? इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात ते दोन-तीन ठिकाणी दाराआडून डोकावल्यासारखे दिसतात, आणि प्रत्येक वेळी वाचकाच्या मनात एकच शंका ठेवून जातात की, हा माणूस नेमका कोणाच्या बाजूचा?

ही शंका त्यांच्या समकालीनांनाही होती, आणि तीच त्यांच्या चरित्राचा गाभा आहे.

सखाराम भगवंत बोकील हे पुरंदर किल्ल्याच्या परिसरातील, सासवडजवळच्या हिवरे गावचे कुलकर्णी. घराणे देशस्थांचे. या घराण्यात पूर्वी पंताजी गोपीनाथ होऊन गेले. 1659 साली अफझलखान वाईस उतरला तेव्हा शिवाजी महाराजांनी ज्यांना वकील म्हणून खानाच्या गोटात पाठविले तेच हे पंताजीपंत. खानाच्या मनात काय आहे ते काढून आणावे, आपल्या मनातले मात्र कळू देऊ नये, हे त्यांचे काम. वकिलीची ही विद्या बोकिलांच्या घरात वारशाने आली असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

बापूंची चाकरी सुरू झाली ती सासवडच्या पुरंदऱ्यांकडे, साध्या कारकुनीने. पुरंदरे हे पेशव्यांच्या अगदी घरोब्यातले. त्यामुळे हुशार कारकून पेशव्यांच्या नजरेत येण्यास वेळ लागला नाही. 1746 च्या सुमारास सदाशिवरावभाऊ पहिल्यांदा कर्नाटकाच्या स्वारीवर निघाले तेव्हा महादोबा पुरंदऱ्यांबरोबर बापूही त्यांच्या संगती होते. पुढे त्यांची नेमणूक झाली रघुनाथराव ऊर्फ दादासाहेबांकडे. 1753 नंतरच्या दादासाहेबांच्या उत्तरेकडील स्वाऱ्यांत बापू त्यांचे कारभारी म्हणून वावरले. मराठ्यांचे घोडे 1758 मध्ये लाहोरपर्यंत पोहोचले, त्याची गौरवगीते आपण गातो. पण फौज चालवायची म्हणजे रोजचा पैसा, रोजची वैरण, रोजची समजूत. रजपुतांशी खंडणीचा वाद, जाटांशी तह, दिल्लीच्या वजिराशी बोलणी, शिंदे-होळकरांची आपापसातील धुसफूस, हे सगळे कारभाऱ्याच्या अंगावर. दादासाहेब शूर खरे, पण कानाचे हलके आणि हाताचे सैल. स्वारीहून परतताना कीर्तीबरोबर कर्जाचाही डोंगर आला. अशा धन्याला सांभाळून घेण्यात बापूंची उमेदीची वर्षे गेली. त्यांच्या पुढील वागण्याचा विचार करताना हे विसरून चालणार नाही. ज्याच्या हाताखाली माणूस घडतो, त्याची ओढ पुढे बाजू बदलली तरी पूर्ण सुटत नाही.

1761 च्या जानेवारीत पानिपत झाले. जूनमध्ये नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. कारभार चुलत्याच्या हाती आणि चुलत्याचा कारभार बापूंच्या हाती. पानिपताने मराठे खचले असे समजून निजाम अली पुण्याच्या रोखाने निघाला. त्याच्या फौजेने वाटेत गोदावरी-प्रवरा संगमावरील टोके येथील देवळे पाडली. आपल्या वैजापूर-गंगापूर भागातील माणसाला टोके परके नाही. हा सारा गोदाकाठ त्या काळी पुणे आणि हैदराबाद या दोन दरबारांच्या मधला चेंडू होता. कधी या हातात, कधी त्या हातात. निजामाची फौज पुण्याजवळ उरळीपर्यंत आली आणि तेथे मराठ्यांच्या कात्रीत सापडली. तेव्हा दादासाहेबांनी त्याला चेपण्याऐवजी सलोखा केला आणि 1762 च्या जानेवारीत सत्तावीस लाखांचा मुलूख उलट त्यालाच परत दिला. तरुण पेशव्याला हे रुचले नाही. पुढेमागे पुतण्याशी बिनसले तर निजामाची मदत हाताशी असावी, असा या सलोख्यामागे हिशेब होता, अशी शंका तेव्हाही घेतली गेली.

आणि झालेही तसेच. त्याच वर्षी चुलत्या-पुतण्यांत बिनसले. दादासाहेब व बापू दोघांनी कारभार सोडला. दादासाहेब पुण्याबाहेर पडले, नाशिकच्या बाजूने फौज जमविली. औरंगाबादचा निजामी सुभेदार मुरादखान त्यांच्या मदतीस आला. नोव्हेंबर 1762 मध्ये घोडनदीवर आणि मग आळेगावावर घरातल्या घरात लढाया झाल्या. माधवरावांचा मोड झाला. फौज फुटण्यापूर्वीच हा पोरसवदा पेशवा सरळ चुलत्याच्या छावणीत गेला व स्वतःला त्याच्या स्वाधीन केले. राज्य दुभंगण्यापेक्षा आपला मान गेला तरी चालेल, हा त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा निर्णय होता. या प्रसंगात शहाणपणाची बाजी खऱ्या अर्थाने कोणी मारली? माझ्या मते बापूंनी नव्हे.

बापू पुन्हा कारभारी झाले. निजामाला मदतीबद्दल सुमारे एक्कावन्न लाखांचा मुलूख आणि दौलताबादचा किल्ला कबूल झाला. घरात सूडसत्र सुरू झाले. मिरजेवर चालून जाऊन गोपाळराव पटवर्धनांना देशोधडीला लावण्यात आले, प्रतिनिधीपद भवानरावांकडून काढून घेतले. दुखावलेले हे सगळे उठून निजामाकडे गेले. नागपूरचे जानोजी भोसलेही तिकडे वळले. निजामाच्या दरबारी विठ्ठल सुंदर बसलेलेच होते; त्यांनी या असंतुष्टांची मोट बांधली आणि जानोजींपुढे साताऱ्याच्या कारभाराचे आमिष धरले. 1763 मध्ये निजामाने पुणे लुटले, जाळले. एका शहाण्याच्या हिशेबातील चुकीचा दुसऱ्या शहाण्याने पुरेपूर फायदा घेतला.

येथून पुढचे चार महिने मात्र बापूंच्या कर्तृत्वाचे आहेत. पुणे वाचविण्याच्या नादी न लागता मराठ्यांची फौज निजामाच्याच मुलखात घुसली. औरंगाबादेपासून हैदराबादेपर्यंत तिने खंडण्या उगविल्या. समोरासमोर गाठ पडू द्यायची नाही आणि शत्रूला स्वस्थही बसू द्यायचे नाही, असा हा खेळ चालला असताना दुसरीकडे बापू आणि मल्हारराव होळकर यांनी जानोजी भोसल्यांशी आतून सूत जुळविले. बत्तीस लाखांचा मुलूख देऊ केला. जानोजी हळूच निजामाच्या गोटातून अलग झाले. 10 ऑगस्ट 1763. गोदावरीला पूर. निजाम स्वतः नदी उतरून पलीकडे गेलेला, आणि विठ्ठल सुंदर निम्म्याअधिक फौजेसह दक्षिण तीरावर राक्षसभुवनाजवळ अडकलेले. मराठ्यांनी नेमका तो क्षण साधला. विठ्ठल सुंदर लढाईत मारले गेले, निजाम पलीकडच्या तीरावरून पाहत राहिला. सप्टेंबरमध्ये औरंगाबादेस तह झाला. दादासाहेबांनी कबूल केलेला मुलूख तर वाचलाच, शिवाय आणखी मिळाला. आपल्या तालुक्याच्या कडेने वाहत जाणारे गोदावरीचे पाणी पुढे राक्षसभुवनाला जाते. तेथील लढाईत माधवरावांच्या समशेरीचे कौतुक करावे तेवढे थोडेच, पण भोसल्यांची फौज त्या दिवशी बाजूला उभी राहिली नसती तर काय झाले असते याचाही विचार करावा.

या विजयानंतर माधवराव कारभारात खंबीरपणे उभे राहिले. पुढील वर्षांत बापूंचे वजन कमी-जास्त होत राहिले, पण त्यांच्या तंत्राने राज्य चालावे अशी स्थिती उरली नाही. कर्तबगार धनी असला की कारभाऱ्याचे शहाणपण आपोआप मर्यादेत राहते. दादासाहेबांनी मात्र राज्याची निम्मी वाटणी मागण्यापर्यंत मजल मारली. शेवटी जून 1768 मध्ये चांदवडजवळच्या धोडप किल्ल्यापाशी माधवरावांनी त्यांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले.

18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर येथे माधवराव क्षयाने गेले. मृत्यूपूर्वी त्यांनी धाकट्या नारायणरावांना ज्या जुन्या जाणत्यांच्या पदरी घातले त्यांत सखारामबापू होते. नवे पेशवे, मुख्य कारभारी बापू, फडावर नाना. दहा महिनेही झाले नाहीत तो 30 ऑगस्ट 1773 रोजी भर दुपारी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. धरावे या शब्दातील एक अक्षर बदलून मारावे झाले, ती कथा सर्वश्रुत आहे. ती कथा म्हणूनच घ्यावी. पण मूळ बेत नारायणरावांना धरण्याचा होता, आणि त्या बेताची कुणकुण बापूंना होती, असा संशय पुष्कळ इतिहासकारांनी घेतला आहे. मुख्य कारभाऱ्याला वाड्यातील एवढी हालचाल ठाऊक नसावी हे पटत नाही. ठाऊक असूनही ते गप्प राहिले असतील, तर कदाचित त्यांचा हिशेब एवढाच असेल की, धाकटे धनी अटकेत जातील, थोरले बाहेर येतील आणि कारभारी आपणच राहू. अटकेऐवजी खून होईल हे त्या हिशेबात नव्हते. येथे बापूंचा बचाव करण्याची मला इच्छा नाही. राजकारणात गप्प बसणे हीसुद्धा एक कृती असते, आणि तिचा जाब रामशास्त्र्यांच्या न्यायासनापुढे द्यावा लागला नाही म्हणून तो संपत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून खुद्द दादासाहेबांना दोषी ठरविले व पुणे सोडले. बापूंनी पुणे सोडले नाही. ते नव्या धन्याचे कारभारी झाले.

आणि याच माणसाने त्या धन्याला गादीवरून खाली ओढले! दादासाहेब पेशवेपदाची वस्त्रे घेऊन निजामावर स्वारीस निघाले, बरोबर बापू, नाना, त्रिंबकराव पेठे, मोरोबा फडणीस अशी सगळी बडी मंडळी. वाटेत एकेकाला काही ना काही निमित्त आठवू लागले. कोणाची प्रकृती बिघडली, कोणाला पुण्याचे काम निघाले. एकेक करून सारे परतले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. जानेवारी 1774 मध्ये बापू व नाना त्यांना घेऊन पुरंदरावर चढले आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू झाला. हेच बारभाईंचे कारस्थान. त्यात हरिपंत फडके होते, पटवर्धन होते, रास्ते होते, पुढे शिंदे-होळकरही आले. पण 1774 साली नानांचे वय अवघे बत्तीस; सरदारांवर त्यांचा वचक अजून बसायचा होता. ज्याच्या नावावर सरदारांनी विश्वास ठेवावा, ज्याच्या सहीने निजामाने आणि भोसल्यांनी बोलणी करावीत, असे वडीलधारे नाव बारभाईंत एकच होते. मार्चमध्ये कासेगावच्या लढाईत पेठे मामा पडले तेव्हा हा डाव जवळजवळ उधळला होता. 18 एप्रिलला पुरंदरावर गंगाबाईंना मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. पाळण्यातल्या पेशव्याचे राज्य चालू झाले.

याच सुमारास युरोपात पोलंड नावाच्या मोठ्या राज्यावर काय गुदरत होते ते पाहण्यासारखे आहे. तेथील राजा सरदारांनी निवडलेला असे, आणि एका सरदाराने नकार दिला तरी सारी सभा मोडत असे. आपसातील भांडणासाठी तेथील सरदार रशियाकडे, प्रशियाकडे धाव घेत. 1772 मध्ये, म्हणजे थेऊरला माधवरावांनी डोळे मिटले त्याच वर्षी, शेजारच्या तीन सत्तांनी पोलंडचा पहिला लचका तोडला आणि 1795 पर्यंत ते राज्य नकाशावरून पुसले गेले. त्यांच्यातही शहाणे मुत्सद्दी कमी नव्हते. पण घरच्या भांडणात परका आणला की त्याला परत पाठविणे शहाण्यांनाही जमत नाही. दादासाहेबांनी मार्च 1775 मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह केला, साष्टी व वसई देऊ केली, आणि आपल्याकडेही तोच प्रयोग सुरू झाला.

मुंबईकर इंग्रजांनी साष्टी 1774 च्या अखेरीसच दाबली होती. गुजरातेत लढाया झाल्या. परंतु मुंबईकरांनी परस्पर केलेला तह कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलाला मान्य नव्हता. कलकत्त्याने कर्नल अप्टन यास वकील म्हणून पाठविले. 1775 सरता सरता तो पुरंदरास आला. ज्या किल्ल्याच्या छायेत बापूंचे हिवरे गाव आहे, त्या किल्ल्यावर हिवऱ्याच्या कुलकर्ण्याने इंग्रज वकिलाशी दोन महिने घासाघीस केली. बापूंचा धागा असा की, कलकत्ता जर मुंबईचे युद्ध चुकीचे म्हणते, तर त्या युद्धात मिळविलेली साष्टी इंग्रजांनी परत का करू नये? आणि खुनाचा ठपका असलेल्या माणसाला आश्रय का द्यावा? प्रश्न बिनतोड होते. अप्टनकडे त्यांना उत्तर नव्हते. पण साष्टी सोडण्याची मुभाही नव्हती. फेब्रुवारीत बोलणी तुटण्याच्या बेतास आली. शेवटी 1 मार्च 1776 रोजी तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, युद्धखर्चापोटी बारा लाख देण्याचे ठरले. उलट इंग्रजांनी दादासाहेबांचा पक्ष सोडावा, दादासाहेबांनी फौज मोडून दरमहा पंचवीस हजार रुपये तनखा घेऊन गोदावरीकाठी कोपरगावास राहावे, असे कलम पडले. साष्टी गेली म्हणून या तहास नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. पण पेशवा दोन वर्षांचा, तिजोरी रिकामी आणि सरदार कुंपणावर बसलेले, अशा वेळी इंग्रजांच्याच दोन दरबारांत भेद पाडून दादासाहेबांच्या पायाखालची जमीन काढून घेतली, हे काही थोडे नव्हे. तहावर सही बापूंची आणि नानांची.

मुंबईकरांनी हा तह मनापासून पाळलाच नाही. दादासाहेब कोपरगावास न जाता इंग्रजांच्याच आश्रयास राहिले. इकडे पुरंदरावर आणि पुण्यात बापू व नाना यांच्यातील अंतर वाढू लागले. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. येथे तर एका दौतीत दोन लेखण्या होत्या. ज्याला हाताखाली वागविले तो पोरगा आता आपल्यावर हुकूम चालवितो, हे बापूंना सोसवेना. 1778 मध्ये नानांचे चुलतभाऊ मोरोबा फडणीस यांनी तुकोजी होळकरांच्या बळावर नानांना बाजूस सारले व दादासाहेबांना परत आणण्यासाठी मुंबईशी संधान बांधले. बापूंची या बेतास संमती होती; पण ती बापूंच्या पद्धतीची, अर्धी तोंडाने आणि अर्धी मौनाने दिलेली. मुंबईकरांना मात्र तिचे मोल भारी वाटत होते. पुरंदरच्या तहावर सही करणारा मुख्य कारभारीच दादासाहेबांना बोलावतो आहे असे दाखविता आले, तर तह मोडल्याचा दोष त्यांच्यावर येत नव्हता. तेव्हा बापूंनी लेखी कळवावे, असा त्यांचा आग्रह. बापूंनी मात्र उघड हात गुंतवून घेतला नाही. महादजी शिंदे व हरिपंत परतले, जुलैमध्ये मोरोबांना कैद झाली. बापूंना तूर्त कोणी हात लावला नाही. एवढ्या मोठ्या नावाला हात लावायचा तर पुरावाही तेवढाच मोठा हवा होता.

तो पुरावा वडगावाने दिला. मुंबईची फौज दादासाहेबांना घेऊन बोरघाट चढून आली आणि जानेवारी 1779 मध्ये वडगाव येथे कोंडली गेली. इंग्रजांना मान खाली घालून तह करावा लागला, दादासाहेब महादजींच्या स्वाधीन झाले. त्यांच्याबरोबर पत्रव्यवहारही उजेडात आला आणि त्यात बापूंचे धागे सापडले. फेब्रुवारीत त्यांना अटक झाली. चाळीस वर्षे दोन्ही डगरींवर पाय ठेवून चाललेला हा माणूस नेमका मराठ्यांच्या सर्वांत मोठ्या विजयाच्या दुसऱ्या महिन्यात पाण्यात पडला.

बापू फितूर होते का? मला वाटते, हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. त्यांनी मुलूख विकून स्वतःची तुंबडी भरली असा आरोप त्यांच्या शत्रूंनाही टिकविता आला नाही. पेशव्यांचे घर दुभंगले होते आणि दोन्ही तुकड्या आपल्या हाती असाव्यात, म्हणजे कोणीही जिंकले तरी राज्य आणि आपण दोन्ही सुरक्षित, असा त्यांचा जन्मभराचा आडाखा होता. 1763 मध्ये या आडाख्याने पुणे जळाले, 1773 मध्ये धन्याचा जीव गेला. 1774 मध्ये त्याच आडाख्याने पाळण्यातील मूल वाचले हेही तितकेच खरे. नाना एकाच बाजूचे होते. त्यामुळे त्यांचे अर्धे शहाणपण टिकले आणि बापूंचे पूर्ण शहाणपण बुडाले, असे म्हणावेसे वाटते. आमच्या प्राध्यापकांपैकी काहींना हे मत पटणार नाही याची मला कल्पना आहे.

बापूंना प्रथम सिंहगडावर ठेवले. तेथून हलविले प्रतापगडावर. ज्या डोंगराखाली एकशेवीस वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजाने वकिली गाजविली, त्याच किल्ल्यात वंशज कैदी म्हणून आला. ग्रँट डफ या ब्रिटिश इतिहासकारालाही हा योगायोग नोंदविल्यावाचून राहवले नाही. फक्त पंताजीपंतांना त्याने खानाचे वकील ठरवून घोटाळा केला आहे. तेथून शेवटी रायगड. 1781 मध्ये तेथेच बापू कैदेत वारले. इंग्रजांशी युद्ध तेव्हा चालूच होते.

ते संपले 17 मे 1782 च्या सालबाईच्या तहाने. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. इंग्रजांनी दादासाहेबांचा पक्ष सोडला, त्यांना दरमहा पंचवीस हजारांचा तनखा ठरला. म्हणजे सहा वर्षांचे रक्त सांडून दोन्ही पक्ष जवळजवळ तेथेच येऊन थांबले जेथे बापूंनी पुरंदरावर अप्टनला आणून उभे केले होते. दादासाहेब आपल्या शेजारच्या कोपरगावी येऊन राहिले आणि 11 डिसेंबर 1783 रोजी तेथेच वारले. त्यांचा वाडा गोदावरीच्या काठी आहे. वैजापूरहून सकाळी निघालेला माणूस तो पाहून दुपारच्या आत परत येऊ शकतो.